जर्मनचा डबा आणि सिरोंच्याचा वायदा

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात, घासलेले टायर आणि किस्से. टायर निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोणी नेत नाही, ते चहाच्या वेळेला आपल्यालाच सांगून संपवावे लागतात. आलापल्लीच्या रस्त्यावर माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर येतात, जीपा येतात, ठोकलेल्या मोटरसायकली तर रोजच्याच. पण माझ्याकडच्या किश्श्यांतले निम्म्याहून जास्त एकाच गाडीचे निघतील. ती गाडी म्हणजे वासनिकभाऊंचा जर्मनचा डबा.

आमच्याकडे अॅल्युमिनिअमला जर्मन म्हणतात. पातेलं जर्मनचं, किटली जर्मनची, तशी ही गाडीही जर्मनची.

वासनिकभाऊ लाकूड डेपोतून रिटायर झाले. बाकीची माणसं रिटायर झाली की गुडघे धरून बसतात, यांनी लिलावात एक जुना फिरता दवाखाना घेतला. वर सगळी अॅल्युमिनिअमची बॉडी, खाली लोखंडी चासी, आत पेशंटला झोपवायचा बाक. बाकावर गादी टाकली, कोपऱ्यात शेगडी ठेवली आणि जाहीर केलं, "आता हे मोटरहोम." गाडी माझ्या गॅरेजात लावली आणि तिथूनच सिरोंच्याला आपल्या मोठ्या साळीला, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीला, फोन केला, तोही स्पीकरवर. "कुसुमताई, घर घेऊनच येतो तुमच्या दारात. पॉलिश झालं की निघालोच समजा."

कुसुमताईंची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे ती काही दिवस टिकेल, गेलेली परत यायची नाही. फोनवर त्या म्हणाल्या, "भाऊजी, मले दिसते तोवर या. मंग तुमची गाडी चमकली काय अन् नाई चमकली काय, मले सारखीच."

भाऊंची बायको लताबाई बाजूलाच उभ्या होत्या. नर्स म्हणून आख्खी नोकरी याच जंगलात काढलेली बाई. बहिणीचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. भाऊंनी तोवर पॉलिशचा डबा उघडलासुद्धा होता.

*

पहिला किस्सा सोड्याचा.

बॉडीवर जुन्या तेलाचे आणि रंगाचे थर होते. मी म्हटलं, "भाऊ, हळूहळू काढू." भाऊंना हळूहळू हा शब्द फक्त स्वतःच्या बाबतीत चालतो. त्यांनी बादलीभर कढत पाण्यात धुण्याचा सोडा कालवला, आख्ख्या डाव्या बाजूला फासला आणि जेवायला घरी गेले. जेवणानंतर वामकुक्षीही झाली. माणूस एकदा रिटायर झाला की झोप हा त्याचा हक्कच आहे.

परत आले तर डावी बाजू काळीठिक्कर. चुलीवरून उतरवल्यासारखी.

भाऊंनी काळ्या पत्र्यावर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "सोड्यात भेसळ आहे." तेवढ्यात लताबाई चहा घेऊन आल्या. गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "जर्मनच्या भांड्याले गरम सोडा लावला का काळं पडते," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत घरातलं एक गंज-पातेलं घासलं असतं तर तुमालेबी माहीत असतं."

ते काळं काढायला पुढचे कितीतरी दिवस गेले. सिरोंच्याला फोनवर कळवण्यात आलं की कामाने चांगला वेग घेतला आहे.

*

डेपोतल्या माणसाची एक सवय असते. लाकूड मोजलं, तपासलं, पसंत पडलं की त्याच्या टोकावर हातोड्याने शिक्का हाणायचा. ठोक पडल्याशिवाय माल पास नाही. भाऊंनी हे काम जन्मभर केलं.

माझ्याकडे मडावी नावाचा डेंटिंगचा कारागीर आहे. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्याने दाराजवळचा एक पत्रा असा काही चमकवला की त्यात भाऊंच्या मिशीचे केस मोजता आले असते. भाऊंनी चष्मा लावला, वरून बघितला, खालून बघितला, बोट फिरवून बघितलं. "वा, पास," असं म्हणाले, बाजूला पडलेला मडावीचा हातोडा उचलला आणि पत्र्याच्या कोपऱ्यात सण्णकन हाणला.

पत्र्याला हा वाटीएवढा खड्डा.

भाऊंना स्वतःलाच कळेना की हात कसा गेला. मडावी शांतपणे म्हणाला, "भाऊ, बाकीचे पत्रे मी तुमाले दाखवतच नाई. नापासच राहू द्या."

*

वरचं अॅल्युमिनिअम गंजत नाही, पण खालचं लोखंड गंजतं. माझा उपाय साधा होता. तारेच्या ब्रशने घासायचं, रेड ऑक्साइड मारायचं, वरून काळा रंग, विषय संपला. पण भाऊंना कुठल्याशा गावातल्या म्हाताऱ्याने सांगितलं की लोखंडाला टोळीचं तेल लावा, आयुष्यात गंज यायचा नाही. टोळीचं तेल म्हणजे मोहाच्या बियांचं. भाऊंनी डबाभर तेल आणून चासीला असं चोपडलं, जणू पोरीला हळद लागत होती. गॅरेजभर वास. गाडी वाळायला म्हणून मागच्या मोकळ्या जागेत, जंगलाच्या बाजूला नेऊन लावली.

सकाळी येऊन बघतो तर गाडीखालची माती उकरलेली, चाकाशेजारी मोठाले पंजे उमटलेले आणि चासी अशी लख्ख की तारेच्या ब्रशने मला कधी जमली नव्हती. अस्वल येऊन चाटून गेलं होतं.

वनरक्षक आला. त्याने पंजे बघितले, विचारलं, "नुकसान काय झालं?"

भाऊ म्हणाले, "तेल."

"म्हणजे अस्वलानं तुमची गाडी साफ करून देल्ली अन् तुमी तक्रार करून राह्यले?"

भाऊंच्या मनाला ते फार लागलं. अस्वल आलं याची भीती नाही, पुन्हा तेल लावावं लागणार याचं दुःख. मी गुपचूप रेड ऑक्साइड मारून टाकलं. अस्वल पुन्हा फिरकलं नाही. त्यालाही चव असते.

*

मग उजवी बाजू खरंच चमकली. हे मात्र मान्य करावं लागेल. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकांना "मागं कसं कापलं ते पाहून या" म्हणून आमच्याकडे पाठवू लागला. लग्नाचं एक वऱ्हाड थांबलं तर सगळ्या बायकांनी ओळीने उभं राहून पदर नीट केले. भाऊ बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि कोणी बोट लावलं की फडकं घेऊन उठायचे.

एका दुपारी माकडांची टोळी आली. मोठं काळतोंड्या माकड गाडीसमोर बसलं आणि त्याला पत्र्यात दुसरं माकड दिसलं. त्याने दात दाखवले, त्यानेही दाखवले. मग जे युद्ध झालं ते तुम्हीच समजून घ्या. दुसऱ्या दिवशी ते त्याच वेळेला परत आलं. तिसऱ्या दिवशीही. हार मानायला दोन्हीकडून कोणी तयार नव्हतं.

शेवटी भाऊंनी घरातल्या चादरी आणून गाडी झाकली. लताबाई आल्या तेव्हा त्यांची कोरी चादर गाडीच्या बंपरला बांधलेली होती.

"चमकवता कायले?" त्यांनी विचारलं.

"दिसावं म्हणून."

"मंग झाकता कायले?"

भाऊंनी चादरीची गाठ आवळली. "खराब होऊ नये म्हणून."

लताबाईंनी चादर सोडवून घडी केली आणि घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "गाडीले ओरखडा पडेल म्हणून हा माणूस मले सिरोंच्याले नेत नाई, पाहून घेजा." विनोद म्हणून म्हणाल्या असतील, पण हसल्या नाहीत.

*

त्या खरं तेच बोलल्या होत्या. उन्हाळा होता तेव्हा भाऊ म्हणाले, धूळ फार आहे. पावसाळा आला तर म्हणाले, या पाण्यात गाडी काढली की रिव्हेटारिव्हेटातून गंज उतरेल. पाऊस उघडला तर म्हणाले, सकाळी दव पडतं, पॉलिश मरतं. आलापल्लीत चौथा ऋतू असता तर त्यालाही त्यांनी काहीतरी नाव ठेवलं असतं. दर वेळी फोन स्पीकरवर, दर वेळी तेच. "ताई, मागची बाजू तेवढी राह्यली."

*

आणि मग ती सकाळ. मी चहा घेत होतो, मडावी एका जीपखाली झोपून काम करत होता, भाऊ मागच्या बाजूला पॉलिशचा पांढरा लेप लावत होते. लताबाई आल्या.

"ताईचा फोन होता," त्या म्हणाल्या. "काल दारात शेजारीण उभी होती, तर ताईले ती ओळखू नाई आली. आवाज आल्यावर कळलं म्हणते."

भाऊंचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "परवा निघू. हा लेप एकदा वाळू दे, पुसला की झालं."

लताबाई तशाच मागे फिरल्या. घरी गेल्या, पिशवी घेऊन आल्या आणि रस्त्यापलीकडे थांब्यावर उभ्या राहिल्या. सिरोंच्याची एसटी आली. लाल धुरळ्यात थांबली, निघाली. थांबा रिकामा.

मी म्हटलं, "भाऊ, बाई गेल्या."

"कुठी?"

"सिरोंच्याले. एसटीनं."

भाऊ हातात फडकं घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत गेले, रिकामा थांबा बघितला. मग फडकं खांद्यावर टाकलं आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर चढले. मागच्या बाजूला लेप तसाच वाळत होता. ब्रेक मीच बसवलेले असल्यामुळे मलाही चढावं लागलं.

तो रस्ता ज्याने बघितला आहे त्याला सांगायची गरज नाही. कुठे खोदलेला, कुठे नुसता लाल मुरूम टाकलेला. पहिल्या खड्ड्याला भाऊंनी डोळे मिटले. मी म्हटलं, "भाऊ, डोळे उघडे ठेवा, गाडी तुमी चालवून राह्यले." नंतर त्यांनी खड्ड्यांकडे बघणंच सोडलं.

जिमलगट्ट्याला एसटी चहासाठी थांबली होती. भाऊंनी गाडी शेजारी उभी केली, उतरून खिडकीशी गेले. हात कोपरापर्यंत पांढरे.

"चाल," म्हणाले. "गाडी आणली."

लताबाईंनी खिडकीतून वाकून गाडी बघितली. "माहं तिकीट सिरोंच्यापर्यंत आहे," त्या म्हणाल्या. "या मागं मागं."

एसटी सुटली. तिथून सिरोंच्यापर्यंत आम्ही तिची धूळ खात गेलो. भाऊंनी एकदाही ओव्हरटेक केलं नाही. मी मध्ये एकदा काचा लावायला सांगितल्या, तर म्हणाले, "राहू दे, ती मागं पाहून राह्यली."

कुसुमताई दारातच खुर्चीवर बसल्या होत्या. लताबाईंनी एका हाताने त्यांना धरून उठवलं आणि गाडीजवळ आणलं. मी गाडीकडे बघितलं तर टपापासून चाकापर्यंत कुठे अॅल्युमिनिअम म्हणून दिसत नव्हतं. डावी बाजू, उजवी बाजू, मागचा ओला लेप, सगळ्यावर मुरमाचा जाड थर बसला होता. भाऊ खाली मान घालून उभे.

कुसुमताई पत्र्याच्या अगदी जवळ गेल्या. डोळे बारीक केले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गाडी बघितली आणि तोंडभर हसल्या.

"दिसते गा मले," त्या म्हणाल्या. "भाऊजी, लाल रंग लय चांगला देल्ला."

भाऊंनी खांद्यावरचं फडकं काढून खिशात कोंबलं.

"होय ताई," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच देल्ला."