बाळ मांडीवर परत येईपर्यंत

आजच्या घुगऱ्या अळणी होत्या.

मी या घटनेचा जाहीर निषेध करतो. बाळाच्या उपकारस्तुतीची उपासना, चर्च भरलेलं, पातेलंभर हरभऱ्याच्या घुगऱ्या, आणि त्यात मीठ घालायचं एकालाही सुचू नये, हा आमच्या मंडळीच्या इतिहासातला अक्षम्य प्रमाद आहे.

(दोन द्रोण मी संपवले. तो भाग वेगळा.)

मीठ राहिलं, कारण मीठ राहेलमावशी घालायच्या.

आणि राहेलमावशींना जाऊन आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मावशी शेळ्या पाळायच्या. घोडेगावच्या बाजारात सौदे करून करून आवाज असा झालेला, की त्यांनी "आमेन" म्हटलं की चर्चबाहेरची कुत्री उठून बसायची.

मी ख्रिस्ती असून शाळेत संस्कृत शिकवतो, म्हणून मला "शास्त्रीबुवा" म्हणायच्या. चारचौघांत. मुद्दाम.

त्यांनी पाडलेला एक रिवाज आहे.
बाळ पहिल्यांदा चर्चला आलं, की प्रार्थनेनंतर ते पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात फिरवायचं. सगळ्यांनी घ्यायचं. तोंडावरचं कापड काढून.

तोवर भजन चालू. बाळ आईच्या मांडीवर परत आल्याशिवाय गाणं थांबवायचं नाही. कडवी संपली तर पुन्हा पहिल्यापासून.

माझी तिसरी मुलगी करुणा झाली, तेव्हा माझी आई म्हणाली, "तिसरीचं कसलं आलंय कौतुक? घरातच प्रार्थना करून घेऊ."

हे मावशींच्या कानावर गेलं. घुगऱ्यांचं पातेलं घेऊनच दारात हजर.

"आक्का, देवाचे उपकार काय पोरगं झालं तरच मानायचे व्हय? शास्त्रीबुवा, तुमच्या पोथ्यांत हाय का तसं?"

"अजून तरी सापडलं नाही," मी म्हणालो.

"मग घ्या पोरीला आन् चला."

त्या रविवारी करुणा चर्चभर फिरली. ढोलकीवाल्याचे हात भरून आले.

आता त्याच करुणाला मुलगा झालाय. आशिष.
वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. अंगावर पिता येत नाही, म्हणून वाटी-चमच्याने दूध पाजतो.

सल्ले आलेच.

"ऑपरेशन झाल्यावर करा की. फोटो तरी चांगले येतील."

"तोवर कशाला लोकांपुढं?"

आमच्या मंडळीतल्या एस्तेरकाकू तर घरी येऊन गेल्या. "ग्रहनात काय चिरलं-बिरलं हुतं का गं पोरी?"

करुणा म्हणाली, "ग्रहण कधी होऊन गेलं तेच मला कळलं नाही, काकू. कांदा मात्र रोज चिरते. चहा ठेवू?"

(मी आयुष्यभर जुने ग्रंथ चाळतोय. भाजी चिरल्याने पोटातल्या बाळाचा ओठ चिरतो, असं वचन मला तरी भेटलेलं नाही. भेटलं असतं, तरी मानलं नसतं.)

दिवस करुणानेच ठरवला. मावशींच्या वर्षाचा.

"मला मावशीनं झाकू दिलं नाही. मी ह्याला झाकणार नाही."

आज तिने दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर ओतलं. मावशींच्या रिवाजात एवढीच सुधारणा.

मग बाळाच्या तोंडावरचं कापड काढलं, घडी करून पर्समध्ये टाकलं, आणि बाळ पहिल्या बाकावर दिलं.

ढोलकी सुरू.

तिसऱ्या बाकावर एस्तेरकाकू. हात पुढे करेनात.

एक कडवं गेलं. दुसरं गेलं. सगळं चर्च गातंय आणि बघतंय.

बाळ घेऊन थांबलेली माझी थोरली म्हणाली, "घ्या काकू. चावत नाही तो. दात यायचेत अजून."

काकूंनी घेतलं. बघितलं. चांगलं निरखून बघितलं.
आणि भर गाण्यात ओरडल्या, "आगं, नाक तर समदं आज्यावर गेलंय! ओठाचं हुईल ऑपरेशन, ह्या नाकाचं काय करायचं?"

चर्च हसलं. आज्या, म्हणजे मी, हसलो नाही.

काकू मग बाळ पुढे देईनात. ढोलकीवाला माझ्याकडे रागाने बघत होता.

फोटो टाकलाय. ओठ झाकलेला नाही. त्यावर बदामाचं चित्र चिकटवलेलं नाही.
"बिच्चारा" लिहायला आलेल्यांनी पुढच्या पोस्टकडे सरकावं. इथे बिच्चारा कुणी नाही.

नाकावर बोलायला परवानगी आहे.

एवढं सगळं दणक्यात लिहिलं, मावशी. पण तुम्हाला खरं सांगतो.

ओठाची मला काळजी नाही.
पुढच्या आठवड्यात पुण्याला ऑपरेशन आहे. करुणा त्याला थिएटरच्या दारापर्यंत नेईल आणि एका अनोळखी नर्सच्या हातात देईल. दार बंद होईल.

एवढ्याशा जिवाला भूल देणार.
मला त्याची भीती वाटते. रोज वाटते. घरात कुणापुढे बोललो नाही. इथे वाचतील तर वाचोत.

श्रद्धांजली पुढच्या वर्षी वाहीन, मावशी. सध्या तुमच्याकडे काम आहे.

नियम तुमचाच.
बाळ आईच्या मांडीवर परत येईपर्यंत तिकडे गाणं थांबवू नका.

तुमचा,
शास्त्रीबुवा