चार नंबरचा पाचवा फाउल

साउथहॅम्प्टनच्या गोदीत नव्याकोऱ्या मोटारी रांगेनं उभ्या असतात. त्यांना वळसा घालून रेल्वेच्या पुलाखालून गेलं की पत्र्याच्या छपराचं एक स्पोर्ट्‌स सेंटर लागतं. इचन हेरन्सचं घर ते. हेरन म्हणजे बगळा. पण बायकांच्या या बास्केटबॉल संघात बगळ्यासारखं गप्प उभं राहणारं कुणीच नव्हतं. संघ व्यावसायिक होता, म्हणजे दोन अमेरिकन मुलींना पगार मिळे आणि बाकीच्या नोकऱ्या सांभाळून खेळत. कॅप्टन ट्रेसी तर दिवसभर त्याच गोदीतल्या मोटारी चालवत जहाजावर चढवायची.

मैदानाच्या कडेच्या टेबलावर दर शनिवारी श्यामला दाबके बसायची. हॉस्पिटलात डोळ्यांच्या क्लिनिकची ती सेक्रेटरी. नवरा उदय तिथंच भुलीचा डॉक्टर. मुलगी ईशिता शाळेत असताना खेळायची. तिला सोडता-आणता श्यामला सामन्याचं गुणपत्रक, म्हणजे शीट, लिहायला शिकली आणि परीक्षा देऊन तिनं टेबलावर बसायचं लीगचं कार्ड मिळवलं. सोळाव्या वर्षी मुलीनं बास्केटबॉल सोडला. आईनं नाही सोडला.

सामन्याचे चार भाग, म्हणजे क्वार्टर: पहिल्या-तिसऱ्याला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं. बास्केट पडली की आकड्यावर एक तिरकी रेघ, शेजारी खेळाडूचा नंबर. भिंतीवरचा दिव्यांचा बोर्ड काहीही दाखवो, खरं ते श्यामलाच्या कागदावरचं. वाद झाला की रेफरी तिच्याकडेच वळत. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

२००७ च्या मे महिन्यात क्लबचं पत्र आलं. बायकांचा व्यावसायिक संघ बंद करून मुलींना स्थानिक लीगमध्ये खेळवायचं, असा ठराव अध्यक्ष मिस्टर पेल्हम मांडणार होते. कारण एका ओळीचं: सहा वेळा प्लेऑफ, एकदाही फायनल नाही. लीग संपली की पहिल्या आठ संघांची बाद फेरी होते, तिला प्लेऑफ म्हणतात. हरलात की घरी. हेरन्स सहा वेळा घरी आल्या होत्या. खाली आणखी एक वाक्य होतं: ‘मोठ्या सामन्यात या संघाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, २००४ ची सेमीफायनल सर्वांना आठवत असेल.’

सर्वांना आठवत होतीच. शेवटची तीन मिनिटं उरली असताना ट्रेसीला, चार नंबरला, पाचवा फाउल लागला. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. ट्रेसी टेबलावर हात आपटून ओरडली होती, “चारच झालेत माझे! मोजता येतं का तुम्हाला?” श्यामलानं मान वर न करता म्हटलं होतं, “शीटवर पाच आहेत.” हेरन्स दोन गुणांनी हरल्या. आरडाओरडा केल्याबद्दल ट्रेसीवर एका सामन्याची बंदी आली, आणि तेव्हापासून ती भडक माथ्याची म्हणून गाजली.

त्या सामन्यानंतर आठवड्याभरानं श्यामलानं घरी व्हिडिओ लावून पाहिला होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये रेफरी फाउल दाखवतो. चार बोटं म्हणजे चार नंबर. एका हाताची मूठ आणि दुसऱ्याची चार बोटं म्हणजे चौदा. टेबलावरून बोटं दिसत होती. मूठ एका उंच मुलीच्या खांद्याआड होती. कॅमेरा दुसऱ्या बाजूला होता, त्याला ती स्वच्छ दिसली. चौदा नंबरचा फाउल श्यामलानं चारच्या ओळीत लिहिला होता. निकाल तर बदलता येत नव्हता. रेफरीची सही झाली की शीट बंद. कॅसेट तिनं कपाटात ठेवली, आणि तीन वर्षं तोंड उघडलं नाही.

सभेच्या दिवशी सकाळी तिनं उदयला सगळं सांगितलं.

“अगं, मग गप्प बस ना,” तो म्हणाला. “तुझं कार्ड जाईल. त्या टेबलाशिवाय तू शनिवारी करणार काय? माझ्यासोबत बागेतलं गवत कापणार?”

“अहो, तुम्ही भूल द्या पेशंटला. मला नको.”

“ट्रेसी काय म्हणेल?”

“तेच ऐकायला चाललेय.”

दुपारी सेंटरच्या वरच्या खोलीत ऐंशीएक सभासद जमले. ट्रेसी कामाच्या पिवळ्या जॅकेटमध्येच मागच्या भिंतीला टेकून उभी होती. पेल्हमचं भाषण संपलं तशी श्यामला सहा सामन्यांची शीट घेऊन उठली.

“मिसेस दाबके, आकडे आम्हाला माहीत आहेत,” पेल्हम हसून म्हणाले.

“तुम्हाला बेरीज माहीत आहे. बसा, मी वाचते.”

ती वाचू लागली, सावकाश, घरच्या लग्नाची पत्रिका वाचावी तशी. “२००१. लीड्‌स. बावीस गुणांनी हार. वाटेत बस बंद पडली. मुली मैदानात उतरल्या तेव्हा अंग गरम करायला सहा मिनिटं मिळाली. २००२, नऊ गुणांनी. २००३, पहिली सेमी, तीन गुणांनी. २००५ ला प्लेऑफ गाठताच आली नाही. गेल्या वर्षी अकरा गुणांनी. अर्धा संघ तापानं आडवा, सातच मुली आल्या, त्यातल्या दोघी पाच फाउल होऊन गेल्या, शेवटी पाच जणी खेळल्या. मैदान सोडलं नाही. यंदा एका गुणानं.”

“एक वर्ष गाळलंत,” पेल्हम म्हणाले. “तेच, जेव्हा तुमच्या कॅप्टनचं डोकं फिरलं.”

“गाळलं नाही. शेवटी ठेवलं.” श्यामलानं कागद वर धरला. “हा चार नंबरचा पाचवा फाउल. हा तिचा नाही. चौदाचा आहे. मला मूठ दिसली नाही, बोटं दिसली. ट्रेसी खरं बोलत होती आणि माझी शीट चुकीची होती. व्हिडिओ आणलाय, कुणाला पाहायचा असेल तर पाहा. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं ते टेबलावरचं. त्याची शिक्षा या मुलींना द्यायची असेल तर माझ्या तोंडावर द्या, हात वर करून.”

मग पेल्हमनी हात मोजले. ठरावाच्या बाजूनं छत्तीस, विरुद्ध त्रेचाळीस. संघ राहिला.

जिन्यात ट्रेसीनं तिला गाठलं. चेहरा लालबुंद.

“तीन वर्षं, श्यामला. दर शनिवारी मला हॅलो म्हणत होतीस.”

“हो.”

“माझा बाप मरेपर्यंत मला म्हणायचा, पोरी, त्या दिवशी तोंड आवरायला हवं होतंस.”

माफी श्यामलानं पाठ करून आणली होती. ती आता फार लहान वाटली.

“सोमवारी ट्रेनिंगला ये,” ट्रेसी म्हणाली. “मुलींसमोर पुन्हा सांग. त्यांनी मला किती चिडवलंय ते तुला माहीत नाही. आणि माझ्याकडे बघत सांग, कागदाकडे नाही.”

“येते.”

सोमवारी श्यामला गेली, आणि कागद न घेता गेली. लीगला आपली चूक कळवणारं पत्रही तिनंच लिहिलं. एका मोसमासाठी कार्ड काढून घेतल्याचं उत्तर दोन ओळींत आलं. टेबलावर दुसरं कुणी बसू लागलं. श्यामला तिकीट काढून प्रेक्षकांत जाऊ लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हेरन्ससाठी घसा बसेपर्यंत ओरडली, कधी इंग्रजीत, बरंचसं मराठीत.

२००८ च्या वसंतात हेरन्स पुन्हा प्लेऑफमध्ये गेल्या आणि पहिल्याच सामन्यात सहा गुणांनी हरल्या. दारात पेल्हम भेटले.

“पुन्हा तेच, मिसेस दाबके.”

“तेच कसं?” बसलेल्या घशानं ती म्हणाली. “सात झाले. पुढच्या वर्षी आठ. तुम्ही येणार ना बघायला?”

आणि उत्तराला न थांबता ती मुलींच्या बसकडे चालू लागली.