शेवटचं पोतं

"नाही म्हणजे काय गा? म्या माह्या हातानं आणून ठेवलं."

भिवापूरहून पहिल्या बसने आलेली काकू ओरडत होती, आणि तिच्या आवाजाने कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना घाम फुटला होता. घरच्या जुन्या मिरचीचं बियाणं, सासूच्या वेळेपासून राखलेलं, एवढं एकच पोतं. रोपं टाकायचे दिवस आलेले. ते गेलं की वाणच गेला.

मॅनेजर म्हणाला, "काकू, कम्प्युटर नाही म्हणून राहिला."

"त्यानं तोडली होती का माही मिरची?"

मला बोलावलं होतं, कारण नागपुरातला सगळ्यात थोर प्रोग्रामर मी, ही बातमी हुडकेश्वरच्या एकूण एक पानठेल्यावर मीच पोचवली होती. बघतो तर, आधीच्या प्रोग्रामर गड्याने एका पावतीवरची सगळी पोती जेसॉन, म्हणजे एकच लांबलचक मजकूर, करून एकाच रकान्यात कोंबलेली. बाहेरून डेटाबेस, आत गाठोडं. बियाणं शोधणारा पाथ, म्हणजे त्या गाठोड्यात कुठे बघायचं ते सांगणारी ओळ, पहिल्याच पोत्यापाशी थांबायचा. आणि आमच्याकडे विकायचा माल आधी लिहितात, बियाणं सगळ्यात शेवटी. पहिलं पोतं विक्रीचं दिसलं की अख्खी पावती विक्रीत.

मी ऐटीत पाथमध्ये चांदणी घातली, म्हणजे सगळीच पोती बघ. तर त्याने सगळ्यांचे प्रकार एकत्र बांधून हातात दिले, आणि ती मोट 'बियाणं' या एका शब्दाशी काही जुळेना. चूक दाखवली असती तर मी नागपूरच्या अख्ख्या महाल भागात पेढे वाटले असते. पण पाथची खोडच अशी, सापडलं नाही तर बोंब मारत नाही, गुमान रिकामा हात पुढे करतो. एवढ्या मोठ्या गोदामात बियाण्याचं एकही पोतं नाही, असं तो बिनदिक्कत सांगत होता.

शेवटी मोट सोडली, एकेक पोतं वेगळ्या ओळीत मांडलं. काकूचं सापडलं. घरचा माल एकाच टेम्पोत आलेला, म्हणून दिराच्या पावतीवर, सगळ्यात खाली. पावतीपुढे शेरा होता: कांडप गिरणीकडे रवाना.

काकूने पिशवी उचलली आणि गिरणीचा पत्ता विचारला.

मॅनेजरने गिरणीवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. "कालच्या मालातलं एक पोतं बाजूले काढून ठेव गा. बियाण्याचं आहे."

"सकाळीच कांडलं," पलीकडून आवाज आला. "तिखट पाठवू का?"