शमुवेलची साक्ष

“ज्याचं पाय धुवायला बसलोय, त्याला उपदेश करायला मान वर होत न्हाय,” असं शमुवेल लोखंडे एकदा म्हणाला होता. चर्चच्या व्हरांड्यात, वडीलमंडळातल्या चारपाच जणांसमोर. ते हसले. त्यांना वाटलं, गडी नेहमीसारखा अंग चोरतोय.

पण ते त्याच्या कामाचंच वर्णन होतं. शमुवेल ड्रेसर होता. एका जुन्या मिशन दवाखान्यात छत्तीस वर्षं त्यानं जखमा धुतल्या, आणि निवृत्त झाल्यावर सायकलीच्या हँडलला कापडी पिशवी अडकवून घरोघर जाऊ लागला. साखरेचे रोगी, न भरणाऱ्या जखमा, काळी पडत चाललेली बोटं. रोग्याचा पाय पाटावर, आणि शमुवेल त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून. रोग्यांच्या चेहऱ्यांपेक्षा त्याला त्यांचे तळवेच जास्त ओळखीचे झाले होते.

पट्टी सोडायच्या आधी तो डोळे मिटायचा. फार तर दहा श्वास. ओठ हलायचे नाहीत. ही सवय त्याला दवाखान्यात लागली. नोकरीच्या पहिल्या महिन्यात राधानगरीकडचा एक म्हातारा शेतकरी सडका पाय घेऊन आला होता. शमुवेलनं पट्टी सोडली आणि त्याचं नाक आक्रसलं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि पाय हळूच चादरीखाली ओढून घेतला. “ऱ्हाऊ दे पोरा. तुला घाण वाटाय लागलीया.” त्या आवाजात राग नव्हता, माफी होती, जणू गुन्हा त्याचाच. शमुवेल मोरीत जाऊन ओकला आणि तिथेच पहिल्यांदा मनापासून काहीतरी मागितलं. तोवर प्रार्थना म्हणजे आईबरोबर बाकावर बसून म्हणायची गोष्ट होती.

सरोज, त्याची बायको, सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी स्नेहल पुण्यात; रविवारी दुपारी फोन करायची, गोळ्या घेतल्या का विचारायची. गल्लीत तो किरिस्ताव होता आणि चर्चमध्ये मुका. मधल्या रस्त्यावर सायकल होती. घरी आल्यावर तो दोन खोल्यांतला एकच दिवा लावायचा. दुसऱ्या खोलीत उजेड कुणासाठी करायचा?

चर्चमध्ये नवे पाळक आले तेव्हा त्याचं हे मुकेपण उघड्यावर आलं. पाळक तरुण होते, तळमळीचे होते. त्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर साक्षीचा तास सुरू केला. ज्यानं त्यानं उभं राहायचं आणि सांगायचं, या महिन्यात आपण कुणाला प्रभूविषयी सांगितलं. कुणी रिक्षावाल्याला सांगितलेलं असायचं, कुणी शेजारणीला, कुणी बँकेतल्या शिपायाला. टाळ्या पडायच्या. शमुवेल खिडकीकडच्या बाकाच्या टोकाला बसून आपल्या नखांकडे बघायचा.

“शमुवेल, तोंडालाबी पट्टी बांधलीयास काय रं?” वडीलमंडळातले विजयानंद एकदा मोठ्यानं म्हणाले, आणि सगळं चर्च हसलं. शमुवेलही हसला. मग घरी जाऊन त्यानं सकाळचीच भाकरी न गरम करता खाल्ली.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्याच्याकडे उचगावचं एक घर आलं. रुद्रय्या आप्पा. गुळाचे जुने व्यापारी, लिंगायत, मूळचे सीमेकडचे, बोलता बोलता कानडीत शिरणारे. नवी कापशी चप्पल चावली आणि पायाला जाणीवच नसल्यानं दोन दिवस कळलं नाही. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम झाली आणि ती आत आत जात राहिली. डॉक्टर म्हणाले होते, रोज नीट धुतलं तर पाय राहील.

शमुवेल सकाळी आठला पोचायचा तेव्हा आप्पांची पूजा चाललेली असायची. कपाळावर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर खिळलेली. शमुवेल दाराशी बसून राहायचा. पिशवीचा आवाजही करायचा नाही. पूजा झाली की आप्पा लिंग कापडात बांधून गळ्यात घालायचे आणि पाय पाटावर ठेवायचे. मग शमुवेल डोळे मिटायचा, आणि आप्पा थांबायचे. पहिले काही दिवस या थांबण्याविषयी कुणी काही बोललं नाही. नंतर आप्पा पाय ठेवताना म्हणू लागले, “माझं झालं, तम्मा. आता तुझं.”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. शमुवेलला असं कुणी हाक मारून किती वर्षं झाली होती, ते त्याला आठवलं नाही.

महिनाभरानं आप्पांनी विचारलं. “मी हातावर बघतो. तू डोळं झाकून काय बघतोस?”

“बघत न्हाय काय. मागतो.”

“काय मागतोस?”

शमुवेलचा चिमटा हवेत थांबला. इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं, आणि आता खोटं सांगणं सोपं होतं. तुमचा पाय बरा होऊ दे असं मागतो, म्हटलं असतं तर आप्पा खूश झाले असते.

“मागतो की, प्रभू येशू, ह्या माणसाला माझ्या तोंडावर किळस दिसू देऊ नकोस.”

आप्पांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग एकदम हसले, पोट हलेपर्यंत. “आणि मी समजून चाललोय, हा बाबा माझ्यासाठी मागतोय!”

“तुमच्यासाठीबी मागतो की. ते नंतर, सायकलीवर.”

हसू ओसरल्यावर आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझा मृत्युंजय दारातनं बोलतो माझ्याशी. बघितलंस न्हवं? आत येत न्हाय. वास येतो म्हणायचं त्याच्या जिवावर येतंय. चांगलं पोरगं हाय, पण दारातनं बोलतो.” थोड्या वेळानं म्हणाले, “एकदा मोठ्यानं म्हण की, तम्मा. मला ऐकू दे.”

शमुवेलला मोठ्यानं म्हणायची सवय नव्हती. त्यानं चिमटा खाली ठेवला. “प्रभू येशू, ह्यो पाय आप्पांचा हाय. गुऱ्हाळापासनं पेठेपर्यंत ह्यो त्यांना घेऊन हिंडला. आता दमलाय. माझ्या हाताला घाई देऊ नकोस. माझ्या तोंडावर किळस दिसू देऊ नकोस. आमेन.”

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग त्यांनी गळ्यातलं लिंग चाचपून पाहिलं, जागेवर आहे ना म्हणून, आणि आत हाक मारून दोन कप चहा मागवला. एवढंच झालं. पण त्या दिवशी शमुवेल उचगावहून परतताना पुलाच्या चढावर सायकलीवरून उतरला नाही. तसाच पायडल मारत गेला, त्रेसष्टाव्या वर्षी.

आणि पुढच्या रविवारी तो साक्षीच्या तासाला उभा राहिला.

का उभा राहिला, हे त्यानं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. विजयानंदांचं तोंड गप्प करायचं होतं का? थोडं तेही असेल. पण खरं कारण साधं होतं: त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि घरी सांगायला कुणी नव्हतं. त्यानं सगळं जसं घडलं तसं सांगितलं. लिंग, विभूती, हसणं, चहा. आप्पांचं नाव मात्र घेतलं नाही, ‘उचगावचे एक गूळवाले’ एवढंच म्हणाला. टाळ्या पडल्या. पाळकांनी त्याला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

संध्याकाळी पाळकांनी मंडळीच्या ग्रुपवर ते लिहिलं. शमुवेलकडे बटणांचा फोन होता, त्याच्यापर्यंत ते आलंच नाही. बाकी सगळीकडे गेलं.

बुधवारी तो उचगावला पोचला तेव्हा आप्पांनी ‘आता तुझं’ म्हटलं नाही. पाय पाटावर ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. शमुवेलनं डोळे मिटले, पट्टी सोडली. जखम भरत आली होती. कडेला नवी गुलाबी कातडी धरली होती. ते सांगायला त्यानं मान वर केली, तोच मृत्युंजय उंबरा ओलांडून आत आला. या खोलीत तो पहिल्यांदाच आत येत होता. त्याच्या हातात फोन होता.

“मामा, हे ऐका. मी वाचतो.” तो शमुवेलला वाचून दाखवू लागला. “‘उचगावच्या एका प्रतिष्ठित लिंगायत व्यापाऱ्याने प्रभूपुढे मस्तक नमवले. आपले बंधू शमुवेल त्यांच्या पायाचे ड्रेसिंग करतात. त्या संपूर्ण घराण्यासाठी प्रार्थना करा.’” त्यानं फोन खाली घेतला. “उचगावात पायाला पट्टी बांधून बसलेले लिंगायत गूळवाले किती आहेत हो? मला संकेश्वरहून पाहुण्यांचा फोन आला. रविवारी माझ्या शांभवीला बघायला येणार होते ते. विचारतात, तुमच्या घरात काय चाललंय?”

शमुवेलच्या हातात ओला गॉज होता. त्यातून पाणी मनगटावर उतरत होतं. मस्तक नमवले? तो असं म्हणालाच नव्हता. लिंग कुठे गेलं? चहा कुठे गेला? पाळकांनी ते गाळलं होतं, आणि उरलं होतं ते खोटं होतं. पण ते त्याच्या तोंडातूनच निघून तिथवर गेलं होतं.

“मी असं बोललो न्हवतो,” तो म्हणाला.

“मग कसं बोलला होता? बोलला होता ना?”

“बोललो.”

“म्हातारा माणूस, पाय धरून बसलेला, त्याच्यापुढं तुमच्या देवाचं नाव घ्यायचं. ही रीत झाली, मामा?” मृत्युंजयचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. तो चिडण्यापेक्षा घाबरला होता. शमुवेलला ते कळलं. मुलीच्या बापाचं घाबरणं त्याला ओळखू येत होतं. “आप्पा, तुम्ही सांगा. तुम्ही ह्यांना म्हणायला सांगितलंत का? का ह्यांनी आपलं आपणच सुरू केलं?”

आप्पांचा उघडा पाय पाटावर होता. बोटं थोडी आत वळली.

“मी कशाला सांगू?” आप्पा भिंतीला म्हणाले. “त्यानंच कायतरी पुटपुटलं आसंल. मला कानडी म्हाताऱ्याला काय कळतंय?”

खोलीत पंखा फिरत होता. दाराआडून येणारी सुनेची कुजबुज थांबली.

मृत्युंजय शमुवेलकडे वळला. “खरं आहे, मामा? एक शब्द बोला. आप्पा खोटं बोलत असतील तर तेही सांगा. मी ऐकतो.”

तो खरोखरच ऐकायला तयार होता, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. शमुवेलनं ‘व्हय, आप्पांनीच सांगितलं’ म्हटलं असतं तर मृत्युंजयनं ते मानलं असतं. शमुवेलची मान सुटली असती, सकाळी आठची ही खोलीही कदाचित राहिली असती. आणि एक म्हातारा माणूस आपल्या मुलासमोर, सुनेसमोर, नातीच्या सोयरिकीच्या आठवड्यात खोटा पडला असता. ‘न्हाय, माझं मीच म्हणालो’ म्हणणं तर त्याच्यानं होणारच नव्हतं. आप्पांच्या पाण्यानं भरलेल्या डोळ्यांना तो खोटं ठरवू शकत नव्हता. त्या दोन शब्दांच्या मध्ये जागा अगदी अरुंद होती, एका माणसापुरती.

“उद्यापासून दवाखान्यातली सिस्टर येईल,” मृत्युंजय शेवटी म्हणाला.

शमुवेलनं जखम पुन्हा एकदा धुतली. नवी कातडी ओली राहणार नाही असं टिपून घेतलं. मलम लावलं, गॉज ठेवला, पट्टी घोट्यापासून वर नेऊन परत खाली आणली; अंगठ्यावर दाब येऊ नये म्हणून तिथे सैल सोडली. घाई केली नाही. आप्पांनी एकदा खाली पाहिलं. त्यांचा हात शमुवेलच्या खांद्याच्या दिशेनं निघाला आणि स्वतःच्या मांडीवर येऊन पडला.

शमुवेलनं चिमटा पुसला, पिशवीत ठेवला. पाटावर सांडलेलं पाणी फडक्यानं टिपलं आणि पाट भिंतीला उभा केला. मृत्युंजय दारातून बाजूला झाला. त्याच्या शेजारून, कुणाकडेही न बघता, एक शब्द न बोलता, शमुवेल बाहेर पडला.