मगाच्या बुडाचा डाग

इंदुरात, आमच्या परदेशीपुऱ्यात कोणी विचारलं, नात काय करते, तर मी सांगते, लिथुआनियाच्या जंगलात जमीन खोदते. लोक म्हणतात, अरे बाप रे, इतकी शिकून? मी म्हणते, शिकली म्हणूनच तर.

दुसरं महायुद्ध संपलं तरी तिकडची लढाई काही संपली नाही म्हणे. रशियाची सत्ता मानायची नाही म्हणून गावातली पोरं जंगलात गेली, जमिनीखाली खोल्या करून राहिली आणि वर्षानुवर्षं लढली. त्या खोल्या आता ढासळल्यात, वर झाडं उभी. नात आणि तिच्याबरोबरची माणसं मशीन फिरवून त्या शोधतात आणि नकाशावर मांडतात.

एका दुपारी मी पोहे चाळत बसले होते, तर तिचा व्हिडिओ कॉल.

"आजी, देख क्या मिला!" हातमोज्यातल्या हातात मातीनं बरबटलेला पत्र्याचा मग. "खाली चूल होती ना, तिच्याजवळ सापडला."

"अगं, त्याच्या बुडाशी नाव बघ की."

आमच्याकडे चमचासुद्धा नावाशिवाय राहत नाही. शेजारी वाटी गेली तर परत यायला नको?

ती हसली. "यांनी खरी नावं लपवली होती, आजी. नाव कळलं की घरच्यांना उचलून सैबेरियात टाकायचे."

पोह्यांची चाळणी मी बाजूला ठेवली. मग न राहवून म्हटलं, "बरं, घासून तरी ठेव. सफाईत पहिला नंबर आपल्या शहराचा, कैसी इंदूरवाली है तू!"

"घासायचा नाही! ती माती तपासायची असते."

तिच्यामागं एक म्हातारी बसलेली दिसली, डोक्याला रुमाल, पुढं एप्रन. बाजूच्या गावातली, नातीनं आधी सांगितलेली. तिचा भाऊ जंगलात गेला तेव्हा ही लहान पोर. तो मेला एवढंच घरी कळलं. कुठं, ते कोणी सांगितलंच नाही. म्हणून रोज काठी टेकत यायची, खड्ड्याशी बसायची. आणि खोदकाम बघणाऱ्या नातीच्या मोठ्या मॅडम रोज तिला तेच सांगायच्या, आजीबाई, ही खोली कोणाची ते अजून कळत नाही.

म्हातारीनं हात पुढं केला. नातीनं तो मग जपून तिच्या हातात ठेवला. आणि कोणी "अहो" म्हणायच्या आत त्या बाईनं एप्रनचं टोक थुंकीनं ओलं करून बूड खसाखसा पुसून टाकलं!

नात किंचाळली. मॅडमनी कपाळाला हात लावला. मी इकडे हसून हसून बेजार. म्हटलं, "घ्या! आता सांगा हिला माती तपासायला!"

पण म्हातारी हलेना. बुडाला भोक होतं, आणि ते पितळेचं बटण ठोकून बुजवलेलं. ती हळूहळू काही बोलली. नातीनं ते मला मराठीत सांगितलं.

"आजी, हा तिचाच मग आहे. लहानपणी दूध गळायचं, म्हणून वडिलांनी स्वतःच्या कोटाचं बटण ठोकून डाग दिला होता. भाऊ भाकरी न्यायला शेवटचा घरी आला, तेव्हा हिनंच तो त्याच्या पिशवीत घातला."

मॅडम माती विसरून गेल्या. खाली बसल्या आणि म्हातारीला तिच्या भावाचं नाव विचारलं. ते लिहून घेतलं, मग पुन्हा विचारून अक्षरं बरोबर आहेत ना, ते पाहिलं.

तेवढ्यात म्हातारीला फोनमधली मी दिसली. तिनं मगाचं बूड माझ्यासमोर धरलं. मी तडक उठले, मांडणीवरनं माझ्या भावानं लग्नात दिलेलं पातेलं काढलं, उलटं करून बुडावर कोरलेलं नाव तिला दाखवलं. "भाऊ," म्हटलं, "माझ्या भावाचं."

तिला अक्षरं काय कळणार! पण ती मान हलवत राहिली.

"आजी, बॅटरी जाईल हं माझी," नात म्हणाली.

"जाऊ दे, बेटा. फोन हलवू नकोस. तिला बघू दे."