एकाच गाण्याचे दोन दिवस

योगिनी घागला ठाण्यात चेहऱ्याने ओळखणारी माणसं फार नव्हती. वर्तकनगरच्या जुन्या इमारतीत ती आईबरोबर राहायची आणि खालच्या किराणावाल्याच्या लेखी ती फक्त घागांची मुलगी होती. पण रिक्षात बसून तिने पत्ता सांगितला की रिक्षावाला हमखास आरशातून मागे बघायचा. "मॅडम, तुम्ही खाडीवरच्या ना?"

खाडी म्हणजे खाडी रेडिओ. ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण एवढ्यापुरतं चालणारं लहानसं एफएम स्टेशन. कॉलेज संपल्या संपल्या योगिनी तिथे लागली आणि सकाळचा कार्यक्रम तिच्या वाट्याला आला तो तिचाच होऊन राहिला. दोन गाण्यांच्या मध्ये ती गावगप्पा सांगायची. कळव्यात आज पाणी किती वाजता येणार, दिव्याचं रेल्वे फाटक उघडलं का, डोंबिवलीत कुणाच्या नातवाचं बारसं आहे, खारीगावात कुणाची शेळी सुटली आहे. चुकलं तर लोक फोन करून सुधारायचे. खारीगावच्या गंगुबाई केणे तर हक्काने दटावायच्या, "बाय, पानी आठला नाय, सातला येते. नीट इचारून सांगत जा." योगिनी ते तसंच्या तसं पुन्हा सांगायची आणि ऐकणारे हसायचे.

मग मालक बदलले. खाडी रेडिओचं भन्नाट एफएम झालं. बारसं-शेळी बंद, थोडं हिंदी मिसळ, दर दोन वाक्यांनी स्टेशनचं नाव घे, असं तिला सांगण्यात आलं. तिने ऐकलं. लोक फोनवर "हॅलो, खाडी का?" असंच विचारायचे आणि ती "हो, भन्नाट एफएम" असं उत्तर द्यायची. पाण्याची वेळ मात्र ती कुठे ना कुठे घुसडायचीच. मधल्या काळात तिचं एक लग्न ठरता ठरता राहिलं, वडील गेले, आईचे गुडघे गेले. सकाळी स्टुडिओचं जाड दार लागलं आणि माईकवरचा लाल दिवा पेटला की हे सगळं दाराबाहेर राहायचं. त्या तीन-चार तासांवर तिचा उरलेला दिवस उभा होता.

गेल्या मे महिन्यात स्टेशन पुन्हा विकलं गेलं. स्टेशनचा प्रमुख सर्वेश, तिच्याच वयाचा, तिच्याच बरोबर लागलेला. त्याने सगळ्यांना आत बोलावलं आणि टेबलावरच्या कपाकडे बघत सांगितलं, "नवीन नाव सोमवारी फुटणार. फक्त हिंदी हिट. चोवीस तास अंधेरीहून मशीनवर चालणार. त्याआधी शनिवार-रविवार एकच गाणं लावायचंय, सारखं."

"एकच गाणं? दोन दिवस?" योगिनीने विचारलं.

"लोकांनी बोललं पाहिजे ना, की याला झालं काय. तशी स्ट्रॅटेजी आहे त्यांची."

"आणि सकाळचा कार्यक्रम?"

"योगिनी, आता कुणीच बोलणार नाहीये."

सर्वेश वाईट माणूस नव्हता. त्याला स्वतःला ठेवणार की काढणार हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने तिला दोन्ही दिवस स्टुडिओत बसायला सांगितलं, मशीन अडकलं तर बघायला माणूस हवा म्हणून. "फक्त माईकला हात लावू नकोस. अंधेरीला सगळं ऐकू जातं."

शनिवारी फोन सारखे वाजले. कुणी हसत होतं, कुणी शिव्या घालत होतं, कुणाला वाटत होतं मशीन बिघडलंय. गाणं ढोल-ताशाचं, जोरकस, संपलं न संपलं की परत सुरू. योगिनीने हेडफोन काढून ठेवला तरी ते काचेतून येत राहिलं. रविवारी फोन थांबले. दुपारी, बाहेर डांबर वितळेल असं ऊन असताना, एक फोन आला.

"योगिनीबाय हाय का? मी मारुती केणे बोलतंय, खारीगावशी. गंगूचा नवरा."

गेली दोन वर्षं गंगुबाईंचा फोन आलेला नव्हता. योगिनीने त्यांची चौकशी केली.

"ती घरान नाय. सकालपासना नाय. डोक्यानं विसरते ती आता. मना बी कदी कदी वलखत नाय. पन सकाली तुमचा बोलना लागला का रेडू मांडीवर घेऊन गप बसं. काल तुमी नाय, नुसता गाना. आज परत तोच गाना. ती बोलली, रेडू बिघारला. मी बोल्लो, बिघारला नाय गो. मी आंगोलीला गेलो न बाहेर येऊन बघतंय तं ती नाय, न रेडू बी नाय. दुरुस्तीला घेऊन गेली असंल."

काचेपलीकडे मशीनवर गाण्याची रेघ सरकत होती.

"बाजार बघला, टेशन बघला," मारुती म्हणाला. "पोलिसांना सांगून आलो. तुमी रेडूवर सांगा बाय. तुमचा लोक ऐकतान."

तिने सर्वेशला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पोलिसांत दिलंय ना त्यांनी? मग झालं. तू मध्ये पडू नकोस."

"सर्वेश, ती बाई आपल्यामुळे बाहेर पडलीये. एक मिनिट बोलू दे मला."

"मला काय वाटतं याला काही अर्थ नाही गं. मी अंधेरीला विचारतो. तोवर काही करू नकोस, प्लीज."

ती थांबली. गाणं संपलं, परत लागलं. परत संपलं. सर्वेशचा फोन आला नाही. बाई सत्तरीच्या पुढची, अनवाणी की चपला घालून तेही माहीत नाही, आणि हे ऊन. योगिनीने गाण्याच्या आवाजाची पट्टी खाली ओढली आणि माईक उघडला.

"नमस्कार, मी योगिनी घाग. खाडी रेडिओवरून बोलतेय." ते नाव कित्येक वर्षांनी तिच्या तोंडून आपसूक निघालं. तिने गंगुबाईंचं वर्णन सांगितलं. बारीक अंगकाठी, मारुतींनी सांगितलेलं हिरवं लुगडं, हातात रेडिओ. कुठे दिसल्या तर सावलीत बसवा आणि स्टेशनला फोन करा. मग तिचा आवाज थोडा खाली आला. "गंगुबाई, तुम्ही ऐकत असाल तर मी योगिनी बोलतेय. रेडिओ बिघडलेला नाही. आहात तिथेच बसा. तुम्हाला न्यायला येतायत."

तिने ते पुन्हा सांगितलं. आणखी एकदा सांगितलं. फोनकडे बघत राहिली. पूर्वी शेळी हरवली म्हटलं तरी दोन्ही लाइन पेटायच्या. आज एकही दिवा लागला नाही. तिला हळूहळू उमगत गेलं की ती रिकाम्या घरात हाका मारत होती. दीड दिवस तेच ते गाणं ऐकून माणसांनी केव्हाच स्टेशन बदललं होतं.

ती चौथ्यांदा बोलत असताना लाल दिवा विझला. तिने बटण दाबलं, पट्टी ओढली, काहीच होईना. अंधेरीहून कुणीतरी सगळा ताबा आपल्याकडे घेतला होता. ढोल-ताशा परत सुरू झाला. योगिनी त्या मेलेल्या माईकसमोर तोंड उघडं ठेवून बसून राहिली आणि मग तिला रडू फुटलं, लहान मुलीसारखं, हुंदके देऊन.

रडता रडताच तिने आपला मोबाइल काढला. जुन्या ऐकणाऱ्यांपैकी काहींचे नंबर तिच्याकडे होते. पहिला लागला तो राघोला. राघो कळवा नाक्यावर रिक्षा चालवायचा आणि फाटक बंद झालं की तिला कळवायचा.

"राघो, खाडीवरून योगिनी बोलतेय. आत्ता रेडिओ ऐकत होतास का?"

"नाय ओ मॅडम. कालपासून तेच वाजतंय तर बंद करून टाकला. का, काय झालं?"

तिने सांगितलं. राघोने लगेच विचारलं, "म्हातारीचं माहेर कुठलं? डोक्याने गेलेली माणसं माहेराच्या वाटेला लागतात. आमची आजी तशीच जायची."

मारुतीला विचारल्यावर कळलं, माहेर शीळफाट्याच्या पुढचं. राघोने शीळच्या रिक्षावाल्यांना फोन फिरवले आणि स्वतः मारुतीला घेऊन निघाला. योगिनी स्टुडिओचं दार उघडं टाकून खाली उतरली. पाठीमागे गाणं चालूच होतं.

ती शीळफाट्याला पोचली तेव्हा ऊन कललं होतं. पुलाखाली, कंटेनर वळतात तिथे, एका बंद टपरीला टेकून गंगुबाई बसल्या होत्या. मुंब्र्यापर्यंत बस आणि पुढे पायी, असंच आल्या असाव्यात. एका रिक्षावाल्याने त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला होता. पायाचे तळवे सोलले होते. मांडीवरच्या रेडिओतून तेच गाणं येत होतं. मारुती त्यांच्यासमोर उकिडवा बसून नुसता त्यांचा हात चोळत होता.

योगिनी वाकली. "गंगुबाई, मी योगिनी."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं. "तुमी दुरुस्त करता का?"

"नाही हो," ती म्हणाली. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

गंगुबाईंना इस्पितळात नेलं. उन्हाने अंगातलं पाणी पार आटलं होतं. आठवड्याने घरी आल्या, पण पलंगावरून उठल्या नाहीत. योगिनीला सोमवारीच, यापुढे स्टेशनवर येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्याच सकाळी नवं नाव फुटलं. सर्वेशने संध्याकाळी फोन केला, "मी बोललो होतो तुला," म्हणाला. तिने फोन ठेवून दिला. दुसऱ्या स्टेशनांकडे ती गेली. तिथेही बोलणारी माणसं कमीच करत होते. शेवटी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत ती फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायला लागली. ठरलेली वाक्यं बोलायची, आपलं नाव सांगायचं नाही.

मारुतीच्या सांगण्यावरून ती सकाळी कामावर निघण्याआधी गंगुबाईंना फोन करायची. पाणी कधी येणार ते सांगायची. मोबाइल कानाला लावला की गंगुबाई घाबरायच्या, "कोन हाय आत?" म्हणून तो ढकलून द्यायच्या. काही दिवसांनी मारुतीच म्हणाला, राहू दे बाय. योगिनी रविवारी जाऊन नुसती उशाशी बसायची. गंगुबाई तिला माहेरची कुणीतरी समजून भात जेवून जा म्हणायच्या आणि डोळे मिटायच्या.

श्रावण लागायच्या आत त्या गेल्या. त्या दुपारी मारुतीचा फोन तिला कामाच्या जागी आला. आवाज कोरडा होता.

"योगिनीबाय, गंगू गेली. रेडूवर सांगाल का? दहाव्याला लोकांना समजाला पायजे. तिला सगले वलखत व्हते."

आपण आता रेडिओवर नाही हे तिने त्याला किती वेळा सांगितलं होतं. या वेळी तिने सांगितलं नाही. "कधी आहे दहावा? कुठल्या घाटावर?" एवढंच विचारून घेतलं. मग ती जिन्यात जाऊन बसली. वरिष्ठ बाई दारातून दोनदा डोकावून गेली. योगिनीने राघोला फोन लावला, त्यानंतर जुन्या ऐकणाऱ्यांपैकी दिव्याच्या शकूला, मग डोंबिवलीच्या रसिकाला, आणि प्रत्येकाला सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत, खारीगावच्या गंगुबाई केणे गेल्याचं सांगितलं.