दोन घंट्यांची अट

सूतगिरणीत पंख्यावरचा कापूस आज झाडला की उद्या तेवढाच साचलेला असतो. मेंटेनन्सच्या किश्शांचंही तसंच. मी त्या खात्यात होतो तेव्हा कापूस आणि सूत दोन्ही मातीमोल झाले होते आणि वेग नेमका राखणारी नवी सर्व्होमोटर घेणं आमच्या दिग्रसच्या गिरणीला झेपत नव्हतं. कापसाचे पेळू एकसारखे ओढणारी आमची एकच मशीन या मोटरवर चालायची. ती थांबली की शिफ्टची शिफ्ट घरी! म्हणून आम्ही रिकंडिशन्ड, म्हणजे जुन्या दुरुस्त केलेल्या, मोटरी शोधत फिरायचो.

* * *

पहिल्यांदा हेडफिटर राठोडभाऊंबरोबर नागपूरला गेलो. डीलरने चकचकीत मोटर पुढे ठेवली. भाऊंनी नखाने रंग खरवडला, खाली आणखी दोन रंग निघाले.

"रंग कायले पाहता? काम पाहा," डीलर म्हणाला.

"तेच पाह्यचं आहे. लोड लावून दोन घंटे चालवा."

ही भाऊंची अट. आम्ही चहा पीत बसलो. एक तास पन्नास मिनिटांनी मोटर तापून बंद पडली.

"दहा मिनिटांसाठी काहून अडून राह्यले, भाऊ?" डीलरने विचारलं.

* * *

दुसरी मोटर पास झाली. भाऊंनी ती एसटीत मांडीवर घेतली, खाली ठेवायला तयार नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय आहे? मोटर, एवढंच भाऊ म्हणाले. मग विहीर किती खोल, पाणी गोड की खारं, अशी चौकशी सुरू झाली. भाऊ सगळ्याला हो म्हणत गेले. बोरी अरबला उतरताना म्हातारा बजावून गेला, "पाणी पाहूनच चालू करजा, नाहीतर जळते."

* * *

ती बसवली आमच्या इलेक्ट्रिशियनने, वासनिकने. पण रिपेअरवाल्याने वायरींचे रंग बदलले होते. बटण दाबलं आणि मशीन पेळू उलटे ओढू लागली. मॅनेजर धावत आले, हे काय चाललंय म्हणून.

वासनिक शांतपणे म्हणाला, "सायेब, आजवर कापसाचं सूत करत होतो. आता सुताचा कापूस करून राह्यलो."

* * *

नागपूरला जाण्यात वेळ जातो म्हणून मॅनेजरसाहेबांनी एकदा फोनवरच मोटर मागवली. सोबत 'टेस्टेड ओके'चं सर्टिफिकेट होतं. मोटर काही फिरेना. भाऊंनी सर्टिफिकेटच मशीनवर चिकटवलं. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "मोटर तर चालत नाही, सायेब. हे चालते का पाहून राह्यलो."

* * *

शेवटी गिरणीच बंद झाली. वीज तुटायला आठवडा होता, तेव्हा तोच नागपूरचा डीलर मशीनवरची मोटर विकत न्यायला आला. गाडी लावूनच ठेवली होती त्याने. आता चालवून काय पाहायचं, म्हणाला. पण भाऊ ऐकेनात.

"दोन घंटे चालल्याबिगर मोटर इथून हालत नाही."

पडून असलेले पेळू त्यांनी स्वतः लावले आणि मशीन सुरू केली. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला. मला फार बरं वाटलं, आणि लगेच वाईटही.

अर्ध्या तासाने वॉचमन आत आला. गिरणीची वसाहत गेटसमोरच होती. मशीनचा आवाज ऐकून पहिल्या शिफ्टची माणसं डबे घेऊन रांगेत उभी राहिली होती.

"हजेरी कोण घेणार, इचारून राह्यले," तो म्हणाला.

डीलर माझ्याकडे पाहू लागला. भाऊंनी घड्याळ पाहिलं.

"दीड घंटा आहे अजून," ते म्हणाले. "येऊ द्या त्यायले."